अक्कासाठी कोण रडलं

धुरपदाबाई नर्स, म्हणजे अवघ्या सावद्याची अक्का, अंगणात मिरच्या वाळत घालत होती तेव्हा एक कावळा आला आणि तिच्या डोक्यावर बसला. चुकून टेकला, असं म्हणायची सोय नव्हती. तो ऐसपैस बसला. इकडं पाहिलं, तिकडं पाहिलं, अंबाड्यात एकदा चोच घालून पाहिली आणि इथं आपल्या कामाचं काही नाही अशी खात्री करून उडून गेला. हे सगळं शेजारच्या बेबाबाईनं पाहिलं, म्हणजे संध्याकाळपर्यंत ते सावद्यानं पाहिलं.

डोक्यावर कावळा बसला की माणूस जातं, हे त्या भागात पाळण्यातल्या पोरालाही माहीत. त्यावरचा उताराही माहीत. ते माणूस मेलं अशी खोटी बातमी सोयऱ्यांना पाठवायची. सोयरे रडले की मरणाचं त्या रडण्यावर भागतं आणि माणूस वाचतं. मग खरं काय ते सांगायचं, साखर खायची, चार शिव्या खायच्या आणि घरी यायचं. अटी दोनच. रडणाऱ्याला आधी खरं कळता कामा नये, आणि ज्याला खरं माहीत आहे त्याचं रडणं धरायचं नाही.

अक्कानं सरकारी दवाखान्यातली सगळी नोकरी असल्याच गोष्टींशी भांडण्यात घालवली होती. बाळंतिणीच्या उशाखाली ठेवलेला विळा तिनं उकिरड्यावर फेकावा, नाळेला लावायला आणलेली राख आणणारीच्याच कपाळाला लावावी. देवी टोचायला ती निघाली की गल्ल्या ओस पडत, आणि ती पोरांना धान्याच्या कणगीतून ओढून काढून टोचत असे. कावळ्याचं हे छप्पन सालचं सांगतोय. तेव्हा सावद्यात चाळिशीच्या आतला असा दंड सापडणं कठीण होतं, ज्यावर अक्काची खूण नाही. गाव तिला मान देई. प्रेमाचं काय ते दंड दुखायचा थांबल्यावर बघू, असं गावानं ठरवलं असावं.

त्यामुळं कावळ्याचं ऐकून तिचा नातू लीलाधर निश्चिंत होता. लीलाधर स्टेशनावर केळीच्या वॅगनी भरून घेण्याच्या कामावर होता. त्याची आई त्याला जन्म देताना गेली, बापानं दुसरी केली आणि धुळ्याला संसार मांडला, आणि लीलाधर अक्कापाशी राहिला तो राहिलाच. अक्का आता कावळ्याला इंग्रजीत शिवी देईल आणि तव्यावर भाकरी टाकील, असा त्याचा हिशोब होता.

"कावळा हे पाखरू आहे," अक्का म्हणाली खरी. पण भाकरी काही टाकली नाही. स्वतःही जेवली नाही. सकाळी चहालाही नको म्हणाली आणि ओट्यावर बसून लीलाधरला म्हणाली, "बातमी घेऊन जा."

बेबाबाई कुंपणापलीकडं हजर होतीच. तिनं सुचवलं, पोराला कशाला पाठवता, कार्ड टाका की.

"कार्ड टाकलं तर कोण रडलं ते कसं दिसणार?" अक्का म्हणाली. "हा जाईल. डोळ्यांनी बघेल. येऊन मला सांगेल."

"तुझा कावळ्यावर कधीपासून विश्वास बसला?" लीलाधरनं विचारलं.

"कावळ्यावर नाही बसला. तो माझ्यावर बसला." अक्कानं पदर सारखा केला. "इतकी मढी पाहिली मी. कोणाच्या मागं कोण कसं रडलं, सगळं पाहिलं. आपलं तेवढं कोणाला बघायला मिळत नाही. मला बघायचंय."

बेबाबाईनं नियम समजावून सांगितला. एक माणूस रडलं तरी पुरतं, पण पोटातून रडलं पाहिजे. लीलाधर म्हणाला, एकच लागतं तर मी इथंच रडतो, गाडीभाडं वाचेल.

"तुझं धरत नाहीत," बेबाबाई म्हणाली. तिनं हे अशा थाटात सांगितलं, जणू मागं कोणीतरी नातवाचं रडणं खपवायचा प्रयत्न केला होता आणि तो पकडला गेला होता.

लीलाधर निघाला. कावळ्याचं त्याला फारसं काही वाटत नव्हतं. पण अक्का जेवत नव्हती, आणि कोणी रडल्याचं कळल्याशिवाय ती जेवणार नाही हे त्याला तिच्या हनुवटीवरून समजलं होतं. ती हनुवटी पाहून एकदा कलेक्टरसाहेबानंही मुकाट्यानं दंड पुढं केला होता.

पहिला मुक्काम पहूर. तिथं अक्काचा सख्खा भाऊ चुडामण, म्हातारा, शेतातल्या निंबाखाली खाटेवर पडलेला. बसमध्ये लीलाधरनं दुःखी चेहऱ्याचा सराव करून ठेवला होता. तो पाहून शेजारच्या उतारूनं त्याला ओव्याची पुरचुंडी दिली होती. तोच चेहरा घेऊन तो खाटेपाशी उभा राहिला आणि म्हणाला, "नाना, अक्का गेली."

चुडामण उठून बसला. टोपी काढली. लीलाधर त्याच्या डोळ्यांकडं टक लावून बघत राहिला. चुडामणनं टोपी झटकली आणि परत घातली.

"परत?" तो म्हणाला.

मग त्यानं सांगितलं. धुरपदा विसाव्या वर्षी विधवा होऊन माहेरी आली, कडेवर बन्सीलाल. आणि एक दिवस म्हणाली, मी नर्सिंग शिकायला जाते. परक्या पुरुषांचं अंग पुसायला जाते म्हणाली, असं घरानं ऐकलं. ती पोराला आईच्या ओटीत टाकून गेली. बापानं त्याच दिवशी तिच्या नावानं आंघोळ केली. सगळं घर न्हालं. गल्लीतल्या बाया येऊन बसल्या, आई तर भिंतीवर डोकं आपटून रडली, दहावंही केलं, पिंडाला कावळा लवकर शिवला म्हणून लोकांना बरंही वाटलं. पुढं अक्काच्या पगारावर बापाचं औषधपाणी झालं, चुडामणची विहीर झाली, पण गेलेलं माणूस ते गेलेलं.

"तिन्हं बठ्ठं रडनं तव्हयच व्हई गयं, भाऊ," चुडामण म्हणाला. "आते एक माणूसले दोनदाव कोन रडस?"

लीलाधरनं विचारलं, पण नाना, तुम्ही स्वतः तेव्हा रडला होतात का? जुनं रडणं चालत असेल तर बेबाबाईला विचारता येईल, असा एक विचार त्याच्या मनात येऊन गेला होता. चुडामणनं आठवायचा प्रयत्न केला. म्हणाला, मी लहान होतो, मला त्या दिवशी जिलबी मिळाली नाही म्हणून रडलो होतो. मग त्यानं लीलाधरला जेवून जा म्हटलं आणि पुन्हा आडवा झाला.

नियमाप्रमाणं रडल्याशिवाय खरं सांगायचं नव्हतं. त्यामुळं पहुरात अक्काला मेलेलीच ठेवून लीलाधर जळगावला आला.

जळगावात केवलचंद शेठ. हे सोयरे नव्हेत, पण अक्काचे मानलेले भाऊ. दर राखीला तिच्याकडं लुगडं यायचं. मूळचे सावद्याचे, नंतर जळगावला कापडाची पेढी टाकली. शेठच्या घरात एक गोष्ट वर्षानुवर्षं सांगितली जायची. केवलचंद जन्मला तो निळा पडून, श्वास नाही, रडणं नाही. घरच्यांनी आशा सोडली. नव्या नर्सबाईनं पोराला पायाला धरून उलटं लटकावलं आणि असे रट्टे घातले की शेठच्या आजीनं पोलिसांना बोलवा म्हटलं. मग पोर रडलं. आपल्या गिऱ्हाइकांना शेठ हे अभिमानानं सांगत, की आम्हाला आयुष्यात फक्त एकाच बाईनं मारलं. लीलाधरची सगळी भिस्त या माणसावर होती. ज्याला रडायलाच तिनं शिकवलं, तो तिला तेवढं तरी परत देईल.

बातमी ऐकताच शेठनी दुकानाची एक फळी लावून घ्यायला सांगितली. गादीवर मागं रेलले. समोर उलगडलेल्या लट्ठ्याचं टोक उचलून डोळ्यांना लावलं. लीलाधर वाकून बघू लागला. शेठनी टोक खाली ठेवलं तेव्हा ते कोरडं होतं, आणि शेठनी ते बोटांनी चोळून पोत कसा आहे तेही पाहून घेतलं.

ते बोलले मात्र फार छान. देवमाणूस म्हणाले. टाऊन हॉलात शोकसभा घेऊ म्हणाले, आपण स्वतः बोलू म्हणाले, आणि सुरुवातीची चार वाक्यं तिथल्या तिथं म्हणून दाखवली. लीलाधर तरीही डोळ्यांकडंच बघतोय हे पाहून शेठ जरा अवघडले. खाजगी आवाजात म्हणाले, "भाऊ, मला डॉक्टरांनी मना केलंय. ब्लडप्रेशर आहे. पण आमचा मुनीम रडेल. मगन चांगला रडतो. व्याह्यांच्या तिकडं रडला तर लोकांना तोच मुलगा वाटला."

मगनला बोलावलं. तो आला, धोतर आवरून मांडी घातली, नाक शिंकरून तयार झाला आणि कोण गेलं ते विचारलं.

"सावद्याची धुरपदा नर्स," शेठ म्हणाले.

मगननं सदऱ्याची बाही दंडापर्यंत वर सारली आणि तिथला रुपयाएवढा वण दाखवला. "हीच ना? मला दोनदा टोचलं. पहिलं उठलं नाही म्हणून." त्यानं बाही खाली केली, क्षमा मागितली आणि उठून कामाला लागला.

जळगावातही अक्का मेलेली राहिली. राहता राहिलं धुळं.

धुळ्याच्या बसमध्ये लीलाधरला पहिल्यांदा भीती वाटली. कावळ्याची नव्हे. परत जाऊन कोणीच रडलं नाही हे सांगायची वेळ येईल, याची. खोटं सांगावं तर अक्का चाळीस वर्षं पेशंटांचं खोटं ऐकत आलेली. पोटात दुखतंय म्हणणाऱ्या माणसाचं पोट न चाचपता ती त्याला घरी हाकलायची.

लीलाधरचा बाप बन्सीलाल धुळ्याच्या कोर्टात कारकून होता. दोन खोल्यांचं घर, त्यात तो, बायको मंदाबाई, मंदाबाईची आई आणि पाच पोरं. लीलाधर पोचला तेव्हा बन्सीलाल जेवायला बसला होता. मंदाबाई चुलीपुढं भाकरी थापत होती. लीलाधरनं दारातूनच सांगितलं.

बन्सीलालचा हात ताटात थांबला. मग त्यानं हातातला घास खाल्ला. मग ताटातली उरलेली भाकरी आमटीत कुस्करून तीही खाल्ली, सावकाश, ताट पुसून. कोणी मेल्याची बातमी आली की हातातला घासही खाली ठेवतात, हे त्याला माहीत नव्हतं असं नाही.

"कोणाकडं होती?" त्यानं विचारलं. "ड्यूटीवर?"

"दादा, रिटायर होऊन किती वर्षं झाली."

"तरी असेल कोणाकडं तरी."

मग हात धुता धुता त्यानं लीलाधरला ते सांगितलं जे आजवर सांगितलं नव्हतं. त्याच्या आवाजात राग नव्हता. कोर्टातल्या साक्षीसारखा तो सपाट होता. लीलाधरची आई अडली तेव्हा अक्का गावातल्या एका सधन घरी दुसऱ्या बाळंतपणाला बसली होती. तिकडं मूल आडवं होतं, इकडं सरळ आहे असं ती सकाळी तपासून गेली होती. निरोपावर निरोप गेले. ती आली तेव्हा तिकडची बाई वाचली होती, मूल वाचलं होतं आणि तिच्या हातात पेढ्यांचा पुडा होता. "तुझी आई तोवर गार झाली होती. अक्कानं पुडा कोनाड्यात ठेवला, तुला उचललं आणि उलटं धरलं. मला लहानपणी एकदाही उचललेलं आठवत नाही. मी पहुराला होतो."

लीलाधरच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याचं रडणं धरत नव्हते.

बन्सीलाल मोरीत गेला आणि त्यानं आईच्या नावानं आंघोळ केली. उन्हाळ्याचे दिवस होते, पाणी पुष्कळ वेळ ओतल्याचा आवाज येत होता. बाहेर आला तेव्हा केसांतून, कपाळावरून, गालांवरून पाणी ओघळत होतं, आणि त्यात डोळ्यांतलं किती आणि रांजणातलं किती हे लीलाधरला अगदी जवळ जाऊनही ठरवता आलं नाही. मग बन्सीलालनं टॉवेलानं तोंड पुसून टाकलं आणि तेही गेलं.

"तुला आता तिथं कोण?" तो म्हणाला. "बोजा घेऊन इकडंच ये. इथंच राहा."

चुलीपाशी भाकरीचा आवाज थांबला. मंदाबाईनं पिठाचे हात तसेच मांडीवर टेकले. तिनं खोलीभर नजर फिरवली: आई, पाच पोरं, वळकट्या, भिंतीवर टांगलेली ट्रंक, मग लीलाधरची उंची.

"आते हाऊ बी आठेच ऱ्हाई?" ती म्हणाली, आणि रडायला लागली.

आधी हळू, मग मोठ्यानं. पिठाच्या हातांनी कपाळ बडवलं. बांगड्या फुटल्या. पितळी भांड्यांच्या सोनगीरची बाई, गळा खणखणीत. शेजारच्या बाया धावत आल्या, सासू गेली हे कळताच त्यांनीही सूर धरला आणि आपसांत म्हणू लागल्या की इतकी माया तर लेकीलाही नसते. पोरं आईला बघून रडू लागली. भाकरी तव्यावर जळली. रडणं पोटातून होतं, यात शंका घ्यायला जागाच नव्हती.

लीलाधरनं पोटभर पाहून घेतलं. एक तर एक. मग तो म्हणाला, "अक्का जिवंत आहे. डोक्यावर कावळा बसला होता."

मंदाबाईचं रडणं मधेच, एका अक्षरावर तुटलं. "म्हनजे तू जाशी?" तिनं विचारलं. उद्या सकाळच्या गाडीनं, लीलाधर म्हणाला. मंदाबाईनं पदरानं तोंड पुसलं, डब्यातून मूठभर साखर काढून आधी त्याच्या तोंडात कोंबली आणि मग गल्लीला वाटली. लीलाधरला आठवत होतं तेव्हापासून ती त्याच्याशी इतकी चांगली कधी वागली नव्हती.

बन्सीलाल ओल्या केसांनी भिंतीला टेकून बसला होता. तो म्हणाला, "मी जेवलो ते तिला सांगू नकोस."

सावद्याला अक्का ओट्यावर वाट बघत होती. ती अर्धी झाली होती. लीलाधरनं आधी काहीतरी खा म्हटलं. तिनं आधी सांग म्हटलं.

"पहूरचे म्हणाले, मागंच रडून झालंय."

अक्का हसली. "जिलबीचं सांगितलं असेल. केवलचंद?"

"शोकसभा घेणार आहेत." (ती त्यांनी पुढं घेतलीही. खरं कळवलं तेव्हा शेठ म्हणाले, भाषण पाठ झालंय, आता ते कुठं टाकू. ते त्यांनी सत्कार म्हणून केलं आणि दोनदा कैलासवासी म्हणाले.)

"ते पोर रडत नाही. तेव्हा मारून रडवलं." अक्कानं ओट्यावरची धूळ तळहातानं साफ केली. "बन्सी?"

"आंघोळ केली."

"रडला?"

"तोंड ओलं होतं," लीलाधर म्हणाला. हे खरंच होतं.

ओटा साफ झाला होता तरी अक्का साफ करत राहिली. तिचा हात बघून लीलाधर घाईघाईनं म्हणाला, "मंदाबाई रडली."

अक्काचा हात थांबला. मंदाबाईला ती लग्नानंतर एकदाच भेटली होती आणि तेव्हा तिनं तिच्या पोरांच्या डोक्यातल्या उवांवरून तिला चारचौघांत बोलून घेतलं होतं.

"कशी रडली?"

लीलाधरनं सांगितलं. कपाळ, बांगड्या, शेजारणी, जळलेली भाकरी. एक शब्द खोटा नव्हता. अक्का त्याच्या तोंडाकडं बघत होती, आजाऱ्याकडं बघावं तशी, आणि तिथं तिला खोटं काही सापडेना. "परत सांग," ती म्हणाली. त्यानं परत सांगितलं. का रडली ते तिनं विचारलं नाही, आणि कोणाच्याही मरणावर का रडलीस असं कोणी विचारत नाही.

मग ती जेवली. दोन भाकरी खाल्ल्या.

पुढच्या आठवड्यात तिनं ट्रंक बाहेर काढली. नोकरीतल्या पांढऱ्या साड्या घडी करून भरल्या. लीलाधरनं विचारलं, कुठं. धुळ्याला, अक्का म्हणाली. उरलेत ते दिवस सुनेपाशी काढीन. जन्मभर दुसऱ्यांच्या सुनांची अंगं पुसली, हिच्याकडं बघितलं नाही, आणि ती माझ्यासाठी बांगड्या फोडते.

"घर लहान आहे अक्का. दोनच खोल्या."

"रडायला पुरल्या ना? मग मला निजायला पुरतील."

"मग माझं काय? इथं मी आहे ना."

"तू आहेसच रे," अक्का म्हणाली, आणि ट्रंकेचं कुलूप शोधू लागली.

खरं कारण त्याच्या जिभेवर होतं. ते एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य बोललं असतं तर ट्रंक रिकामी झाली असती, अक्का सावद्यात राहिली असती आणि पुन्हा जेवली नसती. लीलाधरनं जन्मभरात अक्काला पुष्कळ लोकांना खरं सांगताना पाहिलं होतं. तिनं कधी मागंपुढं पाहिलं नाही. त्यानं पाहिलं. मग त्यानं ट्रंक उचलून डोक्यावर घेतली.

धुळ्यात दुपारची वेळ होती. बन्सीलाल कोर्टात गेला होता. मंदाबाईनं दार उघडलं, हातात पोराची चड्डी. तिनं आधी लीलाधरला पाहिलं आणि तिचा चेहरा आक्रसला. मग त्याच्या डोक्यावरची ट्रंक पाहिली. मग त्याच्यामागून पांढऱ्या लुगड्यात अक्का पुढं आली, उंबरा ओलांडून आत शिरली, कोपऱ्यातल्या वळकट्या एका हातानं सरकवून तिथं जागा केली आणि ट्रंक इथं ठेव म्हणाली.

मंदाबाईच्या हातातून चड्डी पडली. ती दाराच्या चौकटीला धरून खाली बसली आणि रडायला लागली. पहिल्यापेक्षा मोठ्यानं.

अक्कानं लीलाधरकडं असं पाहिलं की बघितलंस, तू सांगत होतास ते कमीच होतं. तिचे डोळे भरून आले होते. ती सुनेपाशी खाली बसली, तिचं डोकं आपल्या मांडीवर ओढून घेतलं आणि अडलेल्या बाईच्या पाठीवरून फिरवावा तसा भक्कम हात तिच्या पाठीवरून फिरवू लागली.

"उगी, पोरी, उगी," अक्का म्हणाली. "आता मी कुठं जात नाही."